ज्वालामुखीजवळचे भूकंप कसे अभ्यासावेत: किलाउएआच्या नोंदींवर पहिला सराव

हवाईतल्या किलाउएआ ज्वालामुखीखाली आज सकाळी एखादा लहानसा भूकंप झाला असेल, तर त्याची वेळ, जागा, खोली आणि तीव्रता नांदेडला किंवा सावंतवाडीला बसून पाहता येते, तीही फुकट. तिथल्या भूकंपमापकाने उमटवलेली मूळ नोंदसुद्धा उतरवून घेता येते. भूविज्ञान, भौतिकशास्त्र किंवा संगणक शिकणाऱ्या ज्या मुलामुलींना या विषयाची ओढ आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंतचं गणित, कामापुरतं पायथन आणि बरीचशी चिकाटी एवढी तयारी पुरते.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. ज्वालामुखीजवळ किती भूकंप झाले, हा आकडा बातम्यांत सगळ्यात आधी येतो आणि अभ्यासात सगळ्यात कमी सांगतो. भूकंप कुठल्या प्रकारचे आहेत, कुठून कुठे सरकत आहेत आणि त्या ज्वालामुखीच्या नेहमीच्या वागण्यापेक्षा ते किती वेगळे आहेत, हे कळलं तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

आपल्याकडच्या भूकंपांबद्दल

सह्याद्री ज्वालामुखीच्या खडकाचा आहे, त्यामुळे इथे भूकंप झाला की खाली काहीतरी उकळत असेल अशी शंका लोक घेतात. तसं नाही. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि आज महाराष्ट्राखाली जिवंत ज्वालामुखी नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा ६.३ तीव्रतेचा भूकंप जलाशयाच्या पाण्याशी जोडला जातो. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागाने जे धक्के सोसले, तेही ज्वालामुखीचे नव्हते.

पालघरचा अनुभव मात्र या अभ्यासात उपयोगी पडतो. एक मोठा धक्का आणि मग हळूहळू विरत जाणारे उत्तरधक्के, हा भूकंपांचा ओळखीचा क्रम. पालघरला तसं झालं नाही. आठवडेच्या आठवडे लहान-मध्यम धक्के येत राहिले आणि त्यातला मुख्य कुठला हे बोट ठेवून सांगता येईना. अशा मालिकेला स्वार्म म्हणतात. ज्वालामुखीजवळ स्वार्म नेहमीचे असतात, पण स्वार्म दिसला म्हणजे ज्वालामुखी आहेच असं नाही, हे पालघरने आपल्याला घरबसल्या शिकवलं आहे.

पहिली पायरी: एकच ज्वालामुखी निवडा

नवखे अभ्यासक जगभरचे ज्वालामुखी एकाच नकाशावर मांडायला जातात. ते करू नका. प्रत्येक ज्वालामुखीची चाल वेगळी असते. एकाला दिवसाला पन्नास धक्के नेहमीचे, तर दुसऱ्याला महिन्यात पाच म्हणजे कान टवकारण्याजोगी गोष्ट. भारताचा जिवंत ज्वालामुखी अंदमानातलं बॅरन बेट. दीड शतकाहून जास्त शांत राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. मनाने आपण त्याच्या जवळचे, पण सरावाला तो सोयीचा नाही. निर्मनुष्य बेटाभोवती दाट उपकरणं नाहीत आणि शेजारच्या समुद्रतळात भूपट्टांच्या हालचालीने होणारे भूकंप त्याच्या नोंदींत मिसळतात.

किलाउएआ निवडा. तिथली वेधशाळा १९१२ पासून काम करते, उपकरणं दाट आहेत, नोंदी खुल्या आहेत. शिवाय २०१८ चा प्रसंग नवख्यासाठी जणू मुद्दाम रचलेला धडाच आहे. ३० एप्रिलला पुउ ओओ या विवराचा तळ खचला. शिलारस जमिनीखालून पूर्वेकडे निघाला आणि ३ मे रोजी लेइलानी वसाहतीत भेग पडून लाव्हा बाहेर आला. दुसऱ्या दिवशी ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. मग शिखराखालचा शिलारस रिकामा होत गेला तसा शिखरावरचा कॅल्डेरा, म्हणजे तिथला भला मोठा खळगा, टप्प्याटप्प्याने कोसळला. मेच्या मध्यापासून २ ऑगस्टपर्यंत अशा ६२ घटना झाल्या आणि तळ काही ठिकाणी ५०० मीटरहून जास्त खाली गेला. खालच्या भागात ७०० हून अधिक घरं लाव्हाने गिळली. आलेखातल्या ठिपक्यांवर काम करताना ही घरं विसरू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी पायरी: भूकंपांची यादी उतरवा

अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकंप शोधपानावर जा. १ जानेवारी ते ३१ ऑगस्ट २०१८ हा काळ घ्या. शिखरासाठी अक्षांश १९.३५ ते १९.४७ आणि रेखांश उणे १५५.३५ ते उणे १५५.२० एवढी चौकट पुरते. पूर्वेकडचा प्रवास पाहायचा असेल तर पूर्वेची सीमा उणे १५४.८० पर्यंत आणि दक्षिणेची १९.२० पर्यंत न्या. पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह विसरलं की चौकट थेट पॅसिफिकच्या पलीकडे जाते. एका मागणीत २०,००० पेक्षा जास्त नोंदी मिळत नाहीत, म्हणून महिन्यामहिन्याने मागवा आणि फाइली जोडा.

मिळालेल्या तक्त्यातल्या तीन रकान्यांकडे नीट पाहा.

वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. ६.९ चा भूकंप हवाईत ४ मे रोजी दुपारी १२:३२ ला झाला, यादीत तो २२:३२ ला दिसतो आणि आपल्याकडे तेव्हा ५ मेच्या पहाटेचे ४:०२ झाले होते. अख्खं काम जागतिक वेळेतच करा. स्थानिक वेळ फक्त शेवटी, माणसांच्या हालचालीशी ताडून पाहताना लागते.

प्रकाराचा रकाना बहुतेक जण वाचत नाहीत. भूकंपाखेरीज स्फोट, उद्रेक, खाणीतले सुरुंग अशा नोंदींनाही यादीत जागा असते. ‘फक्त भूकंप’ अशी गाळणी लावून बसलात, तर कॅल्डेरा कोसळण्याच्या मोठ्या घटनाच हातातून निसटण्याची शक्यता असते. आधी सगळं उतरवा, मग गाळा.

तिसरा रकाना खोलीचा. खोली समुद्रसपाटीपासून मोजली आहे की उपकरणांच्या सरासरी उंचीपासून, हे यादीनुसार बदलतं. किलाउएआचं शिखर समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंच आहे, म्हणून खोली उणे आली तरी दचकू नका. दूरच्या, कमी उपकरणांच्या ज्वालामुखींच्या यादीत खूप भूकंप नेमके १० किलोमीटरवर रांगेने बसलेले दिसतात. ते तिथे झालेले नसतात. खोली काढता आली नाही म्हणून गणकाने तो ठरावीक आकडा भरलेला असतो.

चौकट मोठी करताना आणखी एक काळजी घ्या. नैऋत्येला पाहाला गावाखाली २५ ते ५० किलोमीटर खोलीवर भूकंपांची मोठी गर्दी आहे आणि २०१९ पासून ती फारच वाढली. २०१९ नंतरचा काळ घेऊन ती गर्दी शिखराच्या हिशेबात धरली, तर शिखर प्रचंड अस्वस्थ असल्याचा खोटा निष्कर्ष निघेल.

तिसरी पायरी: तीन आलेख, आणि यादीत न आलेले भूकंप

रोजची संख्या, नकाशा आणि काळानुसार खोली असे तीन आलेख काढा. जानेवारी ते मार्चचे आकडे आधी स्वतंत्र पाहा. ही तुमची पार्श्वभूमी. शांत दिवसात किती धक्के, कुठे, किती खोल, हे वहीत लिहून ठेवा. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण पुढचं सगळं यावरच तोलायचं आहे.

मग एप्रिलच्या शेवटाकडे या. रेखांश आडव्या अक्षावर आणि काळ उभ्या अक्षावर घेतलात, तर ठिपके दिवसागणिक पूर्वेकडे सरकताना दिसतील. शिलारस खडक फाडत पुढे जातो आणि भूकंप त्याच्या टोकाशी होतात. हेच दृश्य आइसलंडमध्ये ऑगस्ट २०१४ मध्ये आणखी ठसठशीत दिसलं. बारदारबुंगाखालून निघालेला शिलारस दोन आठवड्यांत सुमारे ४५ किलोमीटर गेला आणि मग होलुहराउनला बाहेर आला. भूकंप वाढले एवढ्यावरून यातलं काही कळलं नसतं, भूकंप सरकले म्हणून कळलं.

४ मेनंतर नकाशा गोंधळाचा होतो. ६.९ चा भूकंप ज्वालामुखी ज्या जुन्या समुद्रतळावर बसला आहे त्या पृष्ठाजवळ, सुमारे ६ किलोमीटर खोलीवर झाला. दक्षिणेकडचा उतार समुद्राकडे सरकला. त्याचे उत्तरधक्के पुढे बराच काळ येत राहिले. हे धक्के शिलारसाच्या हालचालीत मोजायचे नाहीत, म्हणून दक्षिण उतार, पूर्व भेगपट्टा आणि शिखर असे तीन गट करा आणि प्रत्येकाचा आलेख वेगळा काढा.

शिखराचा आलेख जून-जुलैत एका तालावर चालतो. धक्के तासागणिक वाढत जातात, तीव्रता ५.३ च्या आसपासची एक घटना होते, मग काही तास जवळजवळ सामसूम, आणि पुन्हा चढण. कॅल्डेऱ्याचा भला मोठा खडकठोकळा अडकत-घसरत खाली जात होता. २ ऑगस्टनंतर हा ताल थांबतो.

आता यादीच्या अपुरेपणाकडे येऊ. तीव्रतेनुसार भूकंपांची संख्या मांडा. लहान तीव्रतेकडे जाताना संख्या वाढत जाते आणि एका जागेनंतर अचानक घटते. ही घट निसर्गाची नाही. त्याहून लहान भूकंप यादीत पुरते उतरलेच नाहीत. या आलेखाच्या सर्वोच्च बिंदूच्या तीव्रतेत ०.२ मिळवलेत की यादी जिथून पूर्ण धरता येते ती मर्यादा ढोबळमानाने मिळते. त्याखालचे भूकंप मोजणीतून काढून टाका. धक्क्यावर धक्के येत असताना नोंदी एकमेकींवर चढतात, लहान भूकंप झाकले जातात आणि ही मर्यादा वर सरकते. म्हणून शांत महिन्यांची मर्यादा जूनला लावू नका, प्रत्येक काळासाठी ती नव्याने काढा.

या मर्यादेवरूनच बी-मूल्य काढता येतं. सामान्य भूकंपक्षेत्रात तीव्रता एकने वाढली की भूकंप सुमारे दहापट कमी होतात, म्हणजे बी-मूल्य १ च्या आसपास. ज्वालामुखीजवळ ते कित्येकदा जास्त येतं, कारण तापलेल्या, भेगाळलेल्या खडकात लहान भूकंपांचं प्रमाण वाढतं. रीत सोपी आहे. समजा मर्यादा १.५ आणि तिच्यावरच्या भूकंपांची सरासरी तीव्रता १.९ आहे. तीव्रता एका दशांशापर्यंत गोल केलेली असते म्हणून मर्यादा १.४५ धरा. १.९ मधून १.४५ वजा केले की ०.४५, आणि ०.४३४ ला ०.४५ ने भागलं की ०.९६. शंभरपेक्षा कमी भूकंपांवर काढलेल्या बी-मूल्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

चौथी पायरी: मूळ नोंद वाचायला शिका

इथे खरा अभ्यास सुरू होतो, म्हणून या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. पायथनमध्ये ऑब्स्पाय नावाचं मोफत साधन आहे. त्यातून अर्थस्कोप या अमेरिकी संस्थेच्या साठ्यातल्या नोंदी थेट मागवता येतात. हवाईच्या वेधशाळेच्या जाळ्याची खूण एचव्ही, आणि शिखराजवळच्या उवेकाहुना स्थानकाची खूण यूडब्ल्यूई. सुरुवातीला उभ्या दिशेची, म्हणजे शेवटी झेड असलेली वाहिनी पुरते. नोंदीची सरासरी शून्यावर आणा, तिचा कल काढून टाका, टोकं निमुळती करा, उपकरणाचा स्वतःचा परिणाम वजा करा आणि मगच १ ते १० हर्ट्झची गाळणी लावा. हा क्रम मोडू नका. टोकं निमुळती न करता गाळणी लावली, तर नोंदीच्या दोन्ही कडांना भूकंपासारखे खोटे उसळे उमटतात.

प्रत्येक घटनेसाठी लहरींचा आलेख आणि त्याखाली स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या क्षणी कुठल्या वारंवारतेत किती ऊर्जा होती त्याचं चित्र, अशी जोडी काढा. काही दिवसांत डोळा तयार होतो.

खडक तुटून होणाऱ्या भूकंपाची सुरुवात धारदार असते, आधी पोचणारी पी आणि मागून येणारी एस अशा दोन लहरी वेगळ्या दिसतात आणि ५ हर्ट्झच्या वरही भरपूर ऊर्जा असते. पी आणि एस यांच्यातल्या सेकंदांना ८ ने गुणलं की कठीण, खोल खडकात अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. ज्वालामुखीच्या वरच्या भुसभुशीत थरांत लहरी मंद चालतात, तिथे ४ ने गुणणं योग्य. पुस्तकातला ८ डोळे झाकून वापरला तर अंतर दुप्पट येतं.

दुसरा प्रकार दीर्घ आवर्तनकाळाच्या घटनांचा. सुरुवात मंद, एस लहर ओळखू येत नाही, ऊर्जा साधारण ०.५ ते ५ हर्ट्झमध्ये. खडक तुटला म्हणून नव्हे, तर भेगांमधला वायू, पाणी किंवा शिलारस हलल्याने ही कंपनं होतात. नळाला पाणी यायच्या आधी पाइपातली हवा जशी घुमते, तसंच हे घुमणं. घुमणं तुटक न राहता मिनिटं किंवा तास सलग चाललं, की त्याला ट्रेमर म्हणतात. दोन्ही प्रकारांच्या खुणा असलेल्या मिश्र घटनाही भेटतील. त्यांना ओढूनताणून एखाद्या खान्यात बसवू नका, वहीत ‘मिश्र’ असा वेगळा रकाना ठेवा.

संख्या फसवते म्हणतो ते इथे नीट दिसतं. कोलंबियातल्या गॅलेरास ज्वालामुखीवर १४ जानेवारी १९९३ च्या उद्रेकाआधी एकसुरात लांबत विरत जाणाऱ्या दीर्घ आवर्तनकाळाच्या घटना आल्या होत्या. मोजायला गेलं तर अगदी थोड्या. त्या दिवशी विवरात असलेले शास्त्रज्ञ आणि पर्यटक मिळून नऊ जणांचा जीव गेला. त्यानंतर असल्या मोजक्या नोंदींकडेही जगभरच्या वेधशाळा गंभीरपणे पाहू लागल्या.

ज्वालामुखीचं नसलेलं कंपन ओळखणंही याच पायरीत येतं. समुद्राच्या लाटांची कुजबुज ०.१ ते ०.३ हर्ट्झच्या पट्ट्यात कायम चालू असते आणि हवाईसारख्या बेटावर ती जोरकस असते. वादळी वारा सगळ्याच वारंवारता भरून टाकतो. हेलिकॉप्टर स्पेक्ट्रोग्रामवर सरळ, समांतर रेघा काढतं आणि ते जवळून दूर जाताना त्या खाली घसरतात. कडा ढासळली की नोंद हळूहळू फुगते आणि हळूहळू ओसरते. मोठ्या भूकंपात जवळच्या उपकरणाची क्षमता संपते आणि लहरींचे माथे कापल्यासारखे सपाट दिसतात, त्या नोंदीवरून आयाम, म्हणजे लहरीची उंची, मोजू नये. शंका आली की एकच नियम: तीच घटना दुसऱ्या, दूरच्या स्थानकावर दिसते का ते पाहा.

पाचवी पायरी: कंपनाचा एकूण जोर

भूकंप इतके दाट येऊ लागतात की एकेक वेगळा काढता येत नाही, तेव्हा दर दहा मिनिटांच्या नोंदीतल्या आयामांची अधिक-उणे चिन्हं वगळून त्यांची सरासरी घ्यायची आणि ती काळानुसार मांडायची. अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात ही पद्धत घडवली आणि १९९१ मध्ये फिलिपाइन्सच्या पिनातुबोवर तिने मोठं काम केलं. ऑब्स्पायमध्ये ती दहा-बारा ओळींत लिहून होते. एका स्थानकावर थांबू नका. जोर फक्त एकाच ठिकाणी वाढला असेल, तर कारण बहुधा तिथलाच वारा किंवा वाहतूक.

सहावी पायरी: शेजारी बाकीचे पुरावे ठेवा

भूकंप एकटे पाहिले तर दोन्हीकडून फसगत होते. २०२५ च्या सुरुवातीला ग्रीसमधल्या सांतोरिनीजवळ हजारो धक्के बसले, फेब्रुवारीत एक ५.३ चाही झाला, हजारो लोक बेट सोडून गेले आणि उद्रेक झाला नाही. उलट जपानच्या ओन्ताकेवर २७ सप्टेंबर २०१४ ला वाफेचा स्फोट झाला आणि ६३ जण दगावले किंवा बेपत्ता झाले. दोन आठवड्यांपूर्वी धक्के थोडे वाढून उतरले होते आणि ट्रेमर सुरू झाला तो स्फोटाच्या जेमतेम ११ मिनिटं आधी. शनिवारच्या दुपारी डोंगरावर आलेल्या माणसांना त्या ११ मिनिटांत खाली पोचणं शक्यच नव्हतं.

म्हणून जमिनीचा कल, उपग्रहांवरून मोजलेला फुगवटा आणि सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण हे भूकंपांच्याच काळरेषेवर, एकाखाली एक मांडा. पिनातुबोवर या वायूचं प्रमाण मेच्या मध्याला दिवसाला सुमारे ५०० टन होतं, २८ मेपर्यंत ते ५,००० टनांवर गेलं आणि जूनच्या सुरुवातीला एकदम घटलं. नुसता हा आकडा पाहिला असता, तर संकट टळलं असं कुणी म्हटलं असतं. पण त्याच दिवसांत भूकंप आणि ट्रेमर वाढत होते, त्यामुळे वायूच्या वाटा बुजत असल्याची शक्यता पुढे आली. १२ जूनला स्फोट सुरू झाले, १५ जूनला महाउद्रेक झाला. तोवर तिथल्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांच्या सांगण्यावरून हजारो लोक हलवले गेले होते, म्हणून ते वाचले.

किलाउएआसाठी उवेकाहुनाच्या कलमापकाचे आलेख वेधशाळेच्या संकेतस्थळावर दिसतात. २०१८ च्या कोसळण्यांशी ते ताडून पाहा. प्रत्येक मोठ्या घटनेला कलाच्या आलेखात पायरी दिसेल.

निष्कर्ष लिहिताना

नोंदवहीत पाहिलेलं आणि अनुमान यांना वेगळी पानं द्या. ‘शिखराखाली २ किलोमीटरच्या आत दीर्घ आवर्तनकाळाच्या घटना वाढल्या’ हे पाहिलेलं. ‘शिलारस वर येतो आहे’ हे अनुमान, आणि त्याशेजारी त्याला पर्यायी असं किमान एक कारण लिहिलेलं असावं. चौकटीच्या सीमा, पूर्णतेची मर्यादा आणि गाळणीचे आकडे प्रत्येक आलेखाखाली टिपा, म्हणजे दुसऱ्याला तेच काम पुन्हा करून पडताळता येईल.

चालू संकटाबद्दल स्वतःचं भाकीत समाजमाध्यमांवर टाकू नका. व्हॉट्सॲपवर गेलेला एक आलेख ज्वालामुखीजवळ राहणाऱ्या माणसापर्यंत पोचतो, आणि त्याने घर सोडावं की थांबावं हे सांगण्याची जबाबदारी तिथल्या वेधशाळेची असते. तुमचा अभ्यास शिक्षकांना दाखवा, महाविद्यालयात मांडा, वेधशाळेच्या प्रसिद्ध अहवालाशी जुळवा. जुळला नाही तर का, ते शोधा. या शोधातून जितकं शिकायला मिळतं तितकं क्वचितच कशातून मिळतं.

२०१८ चा सराव झाला की पुढचं काम याच ज्वालामुखीवर तयार आहे. २३ डिसेंबर २०२४ पासून किलाउएआच्या शिखरावर लाव्हाची कारंजी थांबून थांबून उसळू लागली. त्यातले कुठलेही दोन-तीन प्रसंग निवडा, पाचव्या पायरीतल्या पद्धतीने ट्रेमरचा जोर काढा, त्याखाली कलमापकाचा आलेख ठेवा आणि कारंजं सुरू होण्याआधी दोन्हींपैकी आधी काय बदलतं ते नोंदवा. प्रत्येक वेळी क्रम तोच राहतो का, हा तुमचा पहिला स्वतःचा प्रश्न.